काळी आणि पांढरी

खुशालरावांच्या सत्यवतीचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, फक्त मुलाच्या आजोबांची मान हलायची राहिली होती. हे आजोबा म्हणजे अंजनगावचे महादेवराव. घरच्यांनी मुलगी पाहिली होती, पण यांचा हट्ट वेगळाच. "पोरगी कोन्या मातीतून येते, ते मले दिसलं पायजे." आणि कंबर अशी, की बैलगाडीचं नुसतं नाव काढलं तरी कळ यायची.

त्या वर्षी कापसाच्या भावापायी मुंबईची नाना तऱ्हेची माणसं वऱ्हाडात उतरली होती. त्यांतलेच एक केशवराव तसबिरी काढायची पेटी घेऊन अकोल्याला आले होते. खुशालरावांनी त्यांना दर्यापूरकडच्या आपल्या वावरात आणलं आणि अंजनगावला निरोप धाडला, "तसबीर धाडून राहिलो. पेटी खोटं बोलत नाई."

"तसबिरीत काळी अन् पांढरी, दोनी याले पायजेत," खुशालरावांनी बजावलं.

काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गाव, हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. केशवरावांचा जन्म गिरगावात गेलेला. त्यांना वाटलं, हा शेतकरी उजेड आणि सावलीबद्दल बोलतोय. त्यांना एकदम आदर वाटला.

"तीच तर पंचाईत आहे," ते म्हणाले. "काळी दिसायला काचेला उजेड जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पांढरी जळते."

"जळते?"

"पार जळते. काही शिल्लक राहत नाही."

खुशालरावांनी घाबरून गावाकडे पाहिलं. गाव जागेवर होतं. शहाण्या माणसाला उगाच काय विचारायचं म्हणून त्यांनी सत्यवतीला हाक मारली.

सत्यवती पुढे सरीत ताठ उभी राहिली. केशवरावांनी पेटीचं झाकण काढलं, लावलं आणि आतली काच धुवायला ते शेजारच्या काळ्या तंबूत शिरले. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, "काळी झकास आली! पण पांढरी जळाली!"

शेजारचे जानराव वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसून हा सगळा प्रकार कुतूहलाने पाहत होते. त्यांनी एवढंच ऐकलं आणि गावाकडे धूम ठोकली. "धावा बापा! पांढरी जळाली!"

सारं गाव घागरी घेऊन बाहेर पडलं. सत्यवतीही धावली. कोणाची तरी घागर कमरेवर घेऊन ती पलीकडच्या धुऱ्यापर्यंत पोचली, तेव्हा धूर फक्त चुलींचा आहे हे सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं.

"कुठी लागली आग?" लोकांनी जानरावांना घेरलं.

"मले काय मालूम? तंबूतून आवाज आला!"

लोक जानरावांचा उद्धार करत परतले. सत्यवती मात्र तिथेच थांबली. हा पाहुणा आता काय करतो, याची तिला भारी उत्सुकता. पाहुण्याने दुसरी काच चढवली होती. यावेळी त्याने झाकण उघडलं न उघडलं तोच लावलं. पांढरी वाचली, काळीचा मात्र कोळसा झाला.

"हरकत नाही," केशवराव म्हणाले. "खालचं पहिल्या काचेतून घेतो, वरचं दुसरीतून. दोन्ही एकाच कागदावर उतरवतो."

उतरवली, आणि काय सुरेख उतरली! सरी न् सरी दिसत होती, मागे घरांच्या भिंती दिसत होत्या. जो तो आपलं घर शोधण्यात गुंग. जानराव तर आपला गोठा सापडल्याच्या आनंदात. तसबीर अंजनगावला गेली.

चार दिवसांनी तिकडून माणूस आला. "आजोबा इचारून राहिले, जुळी पोरगी कावून लपवली? वावरात एक, धुऱ्यावर घागर घेऊन दुसरी. आमचे नातू दोन हायेत. देता तर दोघी द्या, नाई तर एकबी नोको."

खुशालराव ओरडले, "दुसरी कुठून आनू? मले एकच पोट्टी हाय!"

"आजोबा म्हनतात, पेटी खोटं बोलत नाई. तुमचाच निरोप व्हता."

लग्न मोडल्यातच जमा होतं. सत्यवती दाराआडून म्हणाली, "बाबा, त्यायचीच तसबीर काढून आना. दोन काचायची."

केशवराव पेटीसकट अंजनगावला गेले. एका काचेवर महादेवराव ओसरीच्या खांबाला टेकून गप्प बसलेले आले. दुसरीच्या वेळी ते अंगणात उभे राहून, बोट रोखून खुशालरावांच्या नावाने ओरडत होते. केशवरावांनी दोन्ही काचा एका कागदावर उतरवून तो त्यांच्या हातात ठेवला.

महादेवरावांनी तसबीर जवळ धरली, लांब धरली. "हा मी. मंग हा कोन?" त्यांनी अंगणातल्या स्वतःकडे संशयाने पाहिलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

त्यांच्या पत्नी पार्बताबाई मागून डोकावल्या. तसबीर त्यांनी हातात घेतली आणि बराच वेळ निरखून पाहिली.

"एक काम करा," त्या केशवरावांना म्हणाल्या. "हा गुपचूप बसलेला हाय ना, याले घरी ठेवतो. अन् तो बोंबलनारा तुमी मुंबईले घेऊन जा."

महादेवरावांनी तसबीर उलटी करून ठेवली आणि सुपारी फोडायला सांगितली. एकाच मुलीची.