पेटी आठला उघडते

मी तंत्रनिकेतनातून विद्युत पदविका घेतलेला मनुष्य आहे. दहावीतल्या मुलीचा मोबाइल सोडवणे हा माझ्या दृष्टीने केवळ एका सर्किटचा प्रश्न होता!

राजनंदिनी ही शेजारच्या छबुबाईंची नात. आईबाप ऊसतोडीला जाताना मुलीचा अभ्यास माझ्यावर सोपवून गेले. मी छबुबाईंच्या घरी लोखंडी पेटी आणली, विजेचे कुलूप बसवले, टायमर जोडला. मोबाइल आत! कुलूप फक्त रात्री आठला उघडणार. आईबापाशी बोलून झाले की मोबाइल परत आत. निम्मे तलवाडा गाव पेटी पाहून गेले.

पंधरवड्याने छबुबाई म्हणाल्या, "आबा, पोरगी सांजच्याला मोबाइल मागतच न्हाई!"

मी वीतभर फुगलो. तेवढ्यात तिच्या बापाचा, सुग्रीवचा, फोन आला.

"आबा, राजी फोन उचलत न्हाई. काय करती?"

"अभ्यास! मोबाइलचे नावही काढत नाही!"

पलीकडून फोन कट झाला.

मुलगी मात्र कमी दाबाच्या बल्बसारखी मिणमिणू लागली. सराव परीक्षेत गणिताच्या पेपरावरच डोके टेकून झोपली. गुण अकरा! मी बदाम सुचवले.

चोविसाव्या दिवशी हंगाम अर्धा टाकून सुग्रीव दारात उभा.

"राजीचा कोयता ठरवला."

आमच्याकडे कोयता म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको. नवरा ठरला होता. बायको पंधरा वर्षांची होती.

"का रे?"

"सांजच्याला फोन उचलत न्हाई, अन् रात्री दोनला गाडी भरताना बघतो तर ऑनलाइन! कुणीतरी पोरगं हाय, आबा!"

मी पेटीकडे धावलो, सुग्रीव मागोमाग. वीज गेली की टायमर थांबतो, हे मी विसरलो होतो! रोज सरासरी पंधरा मिनिटे, चोवीस दिवस. बरोबर सहा तास. पेटीचे आठ म्हणजे गावाचे दोन!

"सुग्रीव, हा मुलगा नव्हे, हे भारनियमन आहे!"

तो पेटीजवळ बसला. "मंग दोनला ती जागी कावून?"

मी टायमर गावाच्या घड्याळाशी जुळवू लागलो.

तो उठला. "निकालापर्यंत थांबतो. नापास झाली तर कोयता."

तो गेल्यावर मी राजनंदिनीला दरडावले, "मला सांगायचे नाही?"

"रोज सांगितलं की, आबा. मेसेज टाकलते."

मी माझा मोबाइल उघडला. 'आबा, पेटी लई उशिरा उघडती. खट्ट वाजलं की ऱ्हावत न्हाई. नीट करा ना.' असे वीस-एक मेसेज. आणि प्रत्येकाखाली, पहाटे ठीक पाच वाजता, न वाचता मी पाठवलेले गुलाबाचे फूल : शुभ प्रभात!