सोनामायचा पुरा तास

अकोल्यात तुमची ओळख पटवायला बापाचं नाव लागत नसे, आडनाव लागत नसे. सोनामाय जवळ असली की पुरे. जठारपेठेच्या कोपऱ्यावर, भर बाजारात, तुमच्याकडे बोट करून ती सांगून टाकायची, "हा? हा नऊ तास धा मिन्टं."

तुम्ही टोपी सावरत, नव्या जोड्याचा करकर आवाज करत कचेरीत निघालेले असता. आणि ही बाई एका वाक्यात तुम्हाला उघडंनागडं करून तुमच्या आईच्या कुशीत नेऊन ठेवते!

सोनामाय सुईण होती. घरचा भाजीचा मळा होता, त्यामुळे डोक्यावर वांग्या-मेथीची टोपली असायची आणि त्या टोपलीत, मेथीच्या जुड्यांखाली, एक गजराचं घड्याळ. कुण्या नायब तहसीलदाराच्या बायकोने सुखरूप सुटल्यावर दिलेलं. तिची मेथी टिकटिक करते असं पोरं म्हणत. बाईला पहिली कळ आली की सोनामाय घड्याळ बघे, बाळ रडलं की पुन्हा बघे आणि मधला वेळ काढून मोठ्यानं जाहीर करी. तो आकडा मग तिच्या डोक्यातून जन्मभर हलत नसे. अक्षरओळख शून्य, पण अर्ध्या पेठेचे तास आणि मिनिटं तोंडपाठ.

त्या आकड्यांवर तिनं एक अख्खं शास्त्र उभारलं होतं. पेठेतले एक वकील एकवीस तासांचे. "जनमतानीच तारखा घेऊन राहिला होता." किराणावाले शेठ चाळीस मिनिटांचे. "मायले पानी पिऊ देल्लं नाई. आताबी मापात तेवढीच घाई." मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना ती दारातूनच सांगे, "साडेतीन तास. सुदी, बिनत्रासाची पोरगी हाये, घ्या!" आणि लग्न जमे.

एकदा दोन भाऊ म्हाताऱ्या आईला कोण सांभाळणार यावरून रस्त्यात भांडत होते. सोनामायनं टोपली खाली ठेवली. "तुये अठरा तास, अन् तुये नऊ. सत्तावीस तास देल्ले त्या बाईनं तुमाले. तुमी तिले पावभर घंटा देत नाई काहून रे?" दोघेही खाली बघत आईच्या घराकडे गेले. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी शाळेत गणिताचा मास्तर. दोन वेळांमधलं अंतर कसं काढायचं ते मी फळ्यावर शिकवायचो: मोठी वेळ वर, लहान वेळ खाली, मिनिटं पुरली नाहीत तर तासातून साठ हातचे घ्या. सोनामायनं एकदा खिडकीतून ते पाहिलं आणि वर्गासमोर माझी अब्रू काढली.

"मास्तर, वजाबाकी कायले करता? कळ का उलटी येते? पयले पुऱ्या तासाले भिडा. मंग तास मोजा. मंग वरची मिन्टं जोडा. झालं!"

नऊ चाळीस ते सव्वाबारा: दहाला भिडायला वीस, बारापर्यंत दोन तास, वर पंधरा. दोन तास पस्तीस. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तासाला त्यांनी टाळ्या वाजवल्याची ती एकमेव वेळ.

आमची थोरली कुमुद मात्र आजोळी, अमरावतीला राजापेठेत जन्मली. तिथं घड्याळ बघायचं कुणाला सुचलं नाही. "टाइमच नाई धरला? कशी व मानसं तुमची!" असं माझ्या बायकोला सुनावून सोनामायनं निकाल दिला, "पोरगी अर्धीच जनमली." पुढे कुमुदनं दूध सांडलं तरी हेच कारण निघे.

दुसऱ्या खेपेला सासूबाई आजारी, म्हणून बाळंतपण अकोल्यातच करायचं ठरलं. सोनामायचा एक नियम होता. दुसऱ्या बाळंतपणात चौदा तासांपलीकडे ती थांबत नसे. "चौदा झाले का माहं काम सरलं. दमनीले बैल जुंपा अन् दवाखाना गाठा." नेमकं त्या आठवड्यात तिचं घड्याळ दुरुस्तीला गेलेलं. म्हणून सगळी भिस्त आमच्या भिंतीवरच्या घड्याळावर. पहिली कळ आली, संध्याकाळचे पाच चाळीस.

सकाळी सव्वासात झाले तरी बाळाचा पत्ता नव्हता. आतून बायकोचा आवाज बारीक होत चालला होता. सोनामाय दारात आली, चेहरा उतरलेला. "मास्तर, किती झाले?"

मी आधीच हिशेब करून ठेवला होता. तिच्याच रीतीनं! सहाला भिडायला वीस मिनिटं, सातपर्यंत तेरा तास, वर पंधरा. "तेरा तास पस्तीस. अजून पंचवीस मिनिटं आहेत," मी ठणकावून म्हणालो.

ती आत वळणार, तेवढ्यात तिची नजर अंगणात गेली. ऊन विहिरीच्या दुसऱ्या पायरीवर आलं होतं.

"काल भाजी घेऊन आली तवा हे ऊन इथंच होतं, अन् तुमच्या घड्याळात सव्वाआठ होते. आज सव्वासात कसे?"

मी वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. लढाईच्या दिवसांत सरकारनं सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे केली होती. लढाई संपली आणि तो तास परत करायचा हुकूम नेमका त्या रात्रीचा. मी कर्तव्यदक्ष मास्तर. बायको आत कण्हत असताना स्टुलावर चढून, स्वतःच्या हातानं, काटा तासभर मागे घेतला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"सोनामाय, सरकारी हुकूम होता..."

"अरे बापा! सरकारनं घड्याळ मांगं नेलं, तं पोरीच्या कळा मांगं गेल्या का? चौदा तास पस्तीस झाले! दमनी आन!"

मी अनवाणी धावलो. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला चिमट्यानं सोडवलं. पावणेनऊला मुलगा रडला. बाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आणखी अर्धा तास घरी राहिला असतात, तर मी काही सांगू शकले नसते." व्हरांड्यात उकिडवी बसलेली सोनामाय बोटं मोजत होती. "सोळा तास पाच मिन्टं," तिनं जाहीर केलं. "अन् त्यातला एक तास मास्तरनं लपोला होता."

आज घरात बायकोच्या बांगड्या वाजतात, पोरगा दंगा करतो, आणि मला प्रत्येक वेळी विहिरीची ती दुसरी पायरी आठवते. सोनामायला लुगडं दिलं, ते तिनं घेतलं. पाया पडू लागलो, तर म्हणाली, "पाया पडू नोका, काटा फिरोला तं सांगत जा."

ती कुणाकडे फार बसत नसे. चहा घेई आणि उठे. "कोनाची कळ कवा सुरू होईन, सांगता येते का?" एका दुपारी अशीच आली होती. कुमुद तेव्हा आठ वर्षांची. तिनं सहज विचारलं, "सोनामाय, तुला किती तास लागले होते?"

सोनामायची कपबशी हातातच राहिली. सगळ्या पेठेचे तास पाठ असलेल्या बाईला हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

"माही माय त्याच वक्ती गेली व," ती म्हणाली. "घरात धा मानसं होती म्हनत. टाइम कोन पाह्यते? कोनालेच ठाव नाई."

 कुमुदला एकदम आनंद झाला. "म्हणजे तू पण माझ्यासारखी अर्धीच जन्मलीस!"

सोनामाय हसली, पदरानं डोळे पुसले, आणि टोपली उचलून निघाली.

"थांब!" कुमुद भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभी राहिली आणि बोटं मोजू लागली. "आली तेव्हा चार पस्तीस. पाचला भिडायला पंचवीस. आता पाच वीस. पंचवीस अन् वीस... पंचेचाळीस मिनिटं!"

"कोनाची व?"

"तुझी. आमच्या घरातली. मी धरली."

सोनामायनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा कुमुदकडे. मग टोपली खाली ठेवली आणि भिंतीला पाठ टेकून परत बसली.

"मंग पुऱ्या तासाले भिडू दे," ती म्हणाली.