मटकीला मोड न येण्याचं कारण

श्रावणापासून माझ्या आसपास कुठलंच बी रुजेनासं झालं.

आधी मटकीला मोड येईनात. माझी बायको कुमुद हिने वाण्याला शिव्या घातल्या, फडकं बदललं. मी दोन दिवस बहिणीकडे गेलो, तेव्हा मात्र मोड फडक्याबाहेर आले. मग शेजाऱ्यांच्या मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या आणि तक्रार ग्रामपंचायतीत गेली.

कृषी सहायक घुलेबाई आल्या. माझ्या, कुमुदच्या आणि आमचा मुलगा श्रीरंग याच्या उशाशी त्यांनी भिजवलेल्या मुगाची एकेक बशी ठेवली. दोन बशांत मोड आले. माझे मूग जसेच्या तसे.

"काका, निलगिरीचं असंच असतं," त्या म्हणाल्या. "पानांतून, मुळांतून काहीतरी द्रव्य मातीत उतरतं. शेजारचं बी रुजत नाही, रोप वाढत नाही. काही झाडांखाली तर त्यांची स्वतःचीच रोपं धरत नाहीत. झाडाच्या मनात वाईट नसतं हो."

श्रीरंग बत्तीस वर्षांचा आहे, अजून घरीच असतो. तो खाली मान घालून माझ्या बशीकडे बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंचायतीत ग्रामसेवकांनी विचारलं, "नोंद माणूस म्हणून करायची की झाड म्हणून?"

"झाड लिहिलं तर तोडायची परवानगी काढावी लागेल," सरपंचबाई म्हणाल्या. "माणूस लिहा आणि हलवा."

ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला.

सर्वपित्रीला मला गावाबाहेर सड्यावरच्या खोलीत पोचवलं. तिथे नुसता कातळ आहे. माझ्यामुळे बिघडावं असं काही नाही. कुमुद डबा घेऊन यायची आणि खुशाल शेजारी बसायची.

"तुला काही होत नाही?" मी विचारलं.

"माझं वाढायचं ते माहेरीच वाढून झालं."

"आणि घट?"

"वीतभर आलाय." मग ती म्हणाली, "श्रीरंग हल्ली जेवताना बोलतो."

"काय बोलतो?"

"बरंच काही. त्याला होड्या बांधायचं काम शिकायचंय. बंदरावर विचारूनही आला."

"मला कधी बोलला नाही."

कुमुदने डब्याचं झाकण लावलं. इतकी वर्षं मी त्याला रोज समोर बसवून शहाणपण सांगत होतो. मला फार लाज वाटली.

दसऱ्याला श्रीरंग सोनं द्यायला सड्यावर आला. टोपीत घटातला हिरवागार तुरा खोवलेला. तो जवळ येऊ लागला तसा तुरा मान टाकू लागला. त्याला ते दिसत नव्हतं.

आजवर मी त्याला 'इकडे ये' एवढंच म्हणत आलो होतो.

"तिथेच थांब!" मी ओरडलो.

तो थांबला. आपट्याची पानं कातळावर ठेवून त्याने वर दगड ठेवला आणि तिथूनच वाकून नमस्कार केला.

"बाबा, उद्यापासून कामाला जातोय."

"जा," मी म्हणालो. पुढे बरंच सांगायचं ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

तो उतार उतरेपर्यंत मी जागचा हललो नाही. वळणावर तुरा पुन्हा ताठ झालेला दिसला. मग मी जाऊन सोनं उचललं.