शेठनी आणलेला लांब बाजा

पनवेलच्या एसटी स्टँडवर ड्रायव्हरने हॉर्न दिला, की रूबेनकाका हातातली चहाची बशी खाली ठेवत. "गाडी खोपोलीला पोचेल," ते म्हणत, "पण असा आवाज घेऊन पोचायचं कशाला?" तहसीलदारांच्या भाषणापासून शेजारणीच्या खलबत्त्यापर्यंत गावातल्या प्रत्येक आवाजाला ते मार्क देत. नापासांसाठी शेरा ठरलेला होता: "वाजतं, पण बोलत नाही." शाळेतली माझी प्रार्थना ऐकून त्यांनी तोही दिला नाही, नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आणि शनिवार त्यांचा धर्माने ठरवलेला विश्रांतीचा दिवस. शनिवारी वाद्य सोडाच, ते काडेपेटीलाही हात लावत नसत, त्यामुळे शनिवारचं लग्न आलं की बँडवाले हवालदिल होत. लष्कराच्या बँडमधून निवृत्त होऊन ते गावात आले तेव्हा सोबत त्यांचा ट्रॉम्बोन होता, म्हणजे नळी पुढेमागे सरकवून वाजवायचं ते लांबलचक पितळी वाद्य. एका मिरवणुकीत टपाल नाक्याजवळच्या गल्लीत ती नळी घोड्याला लागली आणि नवरदेव मुहूर्ताच्या अर्धा तास आधी एकटाच मांडवात पोचला. काकांच्या मते चूक घोड्याची होती, त्याला ताल कळत नव्हता.

मग त्यांचा एकुलता एक मुलगा डॅनियल इस्रायलला गेला. निघताना काकांनी आपला ट्रॉम्बोन त्याच्या सामानात घातला आणि स्वतः वाजवणंच सोडून दिलं. दोन वर्षं गेली. गावातल्या लग्नांची रयाच गेली म्हणा ना. कुणी विचारलं तर म्हणत, "त्या वाद्याशिवाय मी वाजवणार नाही." पुढे बोलायची सोय नसे.

अशात आमच्या शाळेने बँड काढला. मी ड्रॉइंगचा मास्तर, पण मला तोंडात बोटं घालून शिट्टी बरी वाजवता येते, एवढ्या पात्रतेवर हेडमास्तरांनी तो माझ्या गळ्यात घातला. उरणकडच्या एका मिठागरवाल्या शेठनी वाद्य द्यायचं कबूल केलं. मुंबईच्या दुकानात जाऊन त्यांनी एवढंच विचारलं, की सगळ्यांत लांब बाजा कुठला?

"दुकानदार बोलला, शिकाऊ पोरांचा हाय," पेटी माझ्या हातात देत शेठ म्हणाले. "पन लांबीला कमी नाय. पंधरा ऑगस्टला आमी म्होरंच बसनार, मास्तर."

पेटीत ट्रॉम्बोन निघाला. तो वाजवणारा पंचक्रोशीत एकच माणूस, आणि तोच हटून बसलेला.

मी पेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकांनी लांबूनच पाहिलं. "शिकाऊ वाद्य म्हणजे ज्याला वाजवता येत नाही त्याच्यासाठी, ज्याला बनवता येत नाही त्याने केलेलं," ते म्हणाले. तरी हात शिवशिवले असावेत. त्यांनी पितळेवर नखाने टिचकी मारली, सांध्यांना नावं ठेवली, नळी अडकते म्हणून कुरकुर केली. साराकाकूंनी न सांगता खोबरेल तेलाची वाटी आणून ठेवली. काकांनी दोन थेंब लावले आणि हे किती वाईट आहे ते मला पटवून द्यावं म्हणून एकदाच फुंकलं.

फळीवरची ताटं गुणगुणली. काकांनी ओठ काढून वाद्याच्या तोंडात वाकून पाहिलं, आत दुसरंच कुणी आहे की काय असं. मग डोळे मिटून त्यांनी एक संथ धून सुरू केली. गोल, उबदार आवाज होता तो. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बोलतं हो हे," काका म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

मी म्हटलं, मग अडचण काय? आता तर वाजवाल ना?

"मास्तर, हे वाईट वाजायला हवं होतं," ते म्हणाले. "माझं वाद्य मी डॅनियलला वाजवायला दिलं नाही. त्याला कुठे वाजवता येतं? कधीतरी परत आणून द्यावं लागेल, म्हणून दिलं. दर पत्रात लिहितो, ते आल्याशिवाय मी वाजवणार नाही. आता त्याला यायला कारण काय उरलं?"

काकू वाटी उचलून आत गेल्या.

पंधरा ऑगस्टला काका आले. अट एकच होती, डॅनियलला कुणी कळवायचं नाही. शेठ पुढच्या खुर्चीत बसून वाद्याच्या लांबीकडे कौतुकाने पाहत राहिले. त्यानंतर तीन वर्षं रूबेनकाकांनी तो शिकाऊ बाजा शाळेत असा वाजवला, की रस्त्यावरची माणसं कुंपणाशी थांबत. आणि तीन वर्षं ते मुलाला लिहीत राहिले, की वाद्य घेऊन ये, इथं मी हात बांधून बसलो आहे.