गच्चीवर उतरलेले चार देश

हे कुणी खरं मानणार नाही, आणि मानू नये हेच बरं. पण करंजाड्याच्या वामन भोईरांनी एका शनिवारी संध्याकाळी आइसलंड, जपान, स्कॉटलंड आणि पोलंड असे चार देश आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर उतरवले. चारही देशांतल्या एकानंही तोंडातून शब्द काढला नाही. शब्द काढले ते सगळे वामनशेटनी, आणि घोटाळा झाला तो त्यामुळेच.

वामनशेट खोटारडे होते असं गावातलं कुणी म्हणत नसे. खोटारडा माणूस खरं काय ते लपवतो. वामनशेटना खऱ्याची गरजच पडत नसे. नव्या शहरासाठी सरकारनं शेती घेतली, मोबदल्यात साडेबारा टक्क्यांतला प्लॉट मिळाला, त्यावर त्यांनी चार मजले चढवले, आणि पाया खणताना देवमासा लागला होता असं ते प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगत. "मग हाडं कुठायत?" असं कुणी विचारलंच, तर जिन्याजवळच्या पिलरवर थाप मारून म्हणत, "सळ्या कशाला इकत आनायच्या?"

माणसावर संकट आलं की तो वकिलाकडे जातो, नाहीतर डॉक्टरकडे. वामनशेटचा पुतण्या दिपेश याच्यावर आलेलं संकट निराळ्या जातीचं होतं. तो थेट काकाकडे आला.

"काका, एक खोटं बोलून बसलोय."

वामनशेटनी चहाची बशी खाली ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घरातलं कुणीतरी त्यांच्याकडे कामाचा सल्ला मागायला आलं होतं. त्यांना भरून आलं.

"केवढं हाय?"

"चाळीस माणसांचं."

प्रकरण असं होतं. दिपेश ऐरोलीला कॉम्प्युटरवर काम करी आणि उरलेल्या वेळात कानाला हेडफोन लावून पोस्ट-रॉक ऐके. म्हणजे गिटार, ड्रम, कीबोर्ड सगळं असतं, एकेक गाणं पंधरा पंधरा मिनिटं चालतं, फक्त गाणारं कुणी नसतं. वाशीची ऋता नावाची आर्किटेक्ट मुलगी हेच ऐकते असं त्याला मोबाइलवरच्या एका ग्रुपवर कळलं. दोघं रोज देशोदेशीच्या बँडची तुलना करू लागले. सुरांमध्ये मोकळी जागा आइसलंडवाले जास्त सोडतात की जपानवाले, यावर त्यांचं एकदा इतकं कडाक्याचं भांडण झालं की दिपेश प्रेमात पडला. वाशीला आमच्या मंडळात शंभर जण येतात असं तिनं कळवलं होतं; त्या भरात तोही लिहून गेला की आमच्या करंजाड्यात दर महिन्याला चाळीस माणसं जमतात आणि देशोदेशीचे अल्बम ऐकून त्यांची तुलना करतात.

"आनि जमतात किती?"

"मी आणि शादाब."

"दोगं तरी हाव."

"शादाब झोपतो, काका."

"मंग सांग तिला, या टायमाला बंद हाय."

"दोन महिने तेच सांगतोय. आता म्हणाली, शनिवारी येते. या वेळीही बंद असेल तर राहू दे म्हणाली. ती राहू दे म्हणाली ना, की राहतंच."

वामनशेटनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पोरगा लाजत नव्हता, घामाघूम झाला होता. म्हणजे लग्नापर्यंत जाण्यासारखं प्रकरण होतं.

"ऐकव बगू ते काय हाय."

दिपेशनं मोबाइलवर आइसलंड लावला. वामनशेट गाणं सुरू व्हायची वाट पाहत बसले. वाट पाहता पाहता त्यांचा चहा संपला, विडी संपली.

"गानं कदी चालू होनार?"

"हेच गाणं."

"कोनच गात नाय?"

"नाही."

"मंग कशाबद्दल हाय, ते कलनार कसं?"

"ज्याला जे वाटेल ते."

वामनशेटच्या तोंडावर उजेड पडला. आजवर त्यांना ज्यांनी ज्यांनी पकडलं होतं, ते शब्दात पकडलं होतं. आणि इथे हे असलं संगीत होतं, की त्याच्याबद्दल काहीही ठोकून द्या, ते उलटून बोलणार नाही. असा साक्षीदार त्यांना जन्मात मिळाला नव्हता.

"चालीस ना?" ते म्हणाले. "मी आनतो."

पहिल्यांदा ते गेले भागीरथीकडे. भागीरथी धवलारीन, तिनं धवले गायल्याशिवाय गावात कुणाची हळद लागत नसे, निदान डीजे येईपर्यंत तरी. हल्ली डीजेवाला जनरेटर लावायला जाई तेवढ्या वेळात तिला उरकावं लागे, म्हणून ती सगळ्या जगावर चिडलेली होती.

"परदेशातल्या लग्नांची वाजवनी आनलीय दिपेसनं," वामनशेट म्हणाले. "चार देशांच्या हलदी. कुटली बरी, ते तुज्याबिगर सांगनार कोन?"

"त्यांच्यात हलद लावतान?"

"आइसलंडमदी बरफ लावतान."

"बाय बाय, नवरी गारठंल ना रं," असं म्हणून भागीरथीनं आपल्या बरोबरच्या बायांना निरोप धाडला.

दुसरे अब्दुर्रहमानभाई, शादाबचे आजोबा. उभा जन्म जहाजावर काढलेला. त्यांना वामनशेटनी सांगितलं की चार देशांचे समुद्र टेप केलेत, कुठला कुठला ते ओळखायचं आहे.

"समुद्र मी वासावर ओळखतो," अब्दुर्रहमानभाई म्हणाले.

"वास नाय येनार. आवाज येल."

"बघू. नाहीतरी घरी कोण आपलं ऐकतो?" आणि त्यांनी जुन्या खलाशांना फोन लावले.

तिसरा पंढरी, एपीएमसी मार्केटातला कांद्याचा व्यापारी. त्याला वामनशेटकडून कळलं की गच्चीवर एक्स्पोर्टचा कार्यक्रम आहे. आधी म्युझिक, मग मोठे साहेब बोलणार. पंढरी गाळ्यावरची सगळी माणसं इस्त्रीचे शर्ट घालून घेऊन आला, आणि प्रत्येकाच्या खिशात नमुन्याचा एकेक कांदा.

शनिवारी ऋता आली. गच्चीवर पाय ठेवला आणि थबकली. एका बाजूला हिरव्या लुगड्यातल्या बाया, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या दाढ्या, मध्ये इस्त्रीचे शर्ट. सगळे दोन स्पीकरांकडे टक लावून बसलेले.

"हे सगळे पोस्ट-रॉक ऐकतात?" तिनं हळूच विचारलं.

"दर महिन्याला," दिपेश म्हणाला. त्याचा आवाज स्कॉटलंडच्या गिटारीसारखा एकदम चढला आणि खाली पडला.

आइसलंड सुरू झाला. गिटारवर व्हायोलिनचा गज घासावा तसा एक लांबच लांब सूर निघाला. तो वाढेना, सरेना. सगळे शहाण्यासारखे बसले. मग भागीरथीला राहवलं नाही.

"पाठवनी चाललीय," ती म्हणाली. "आय रडते, पन पोरगी जागची हलत नाय."

"पाठवणी कसली," अब्दुर्रहमानभाई म्हणाले. "धुकं आहे ते. जहाज उभं केलंय आणि भोंगा देतायत. पुढचं काही दिसत नाही."

"सुरुवातीचंच म्युझिक चाललंय अजून," पंढरीनं आपल्या माणसांना समजावलं. "लांबचा पल्ला हाय. सायेब इमानतळावरनं निघालं असत्याल."

ऋता डोळे विस्फारून ऐकत होती. तिच्या वाशीच्या मंडळात लोक 'अ‍ॅटमॉस्फेरिक' या शब्दाच्या पलीकडे कधी गेले नव्हते. "दिपेश," ती कुजबुजली, "त्या मावशी निरोपाबद्दल बोलतायत, चाचा धुक्याबद्दल, आणि ते इस्त्रीच्या शर्टातले काका वाट बघण्याबद्दल. तिघांचंही बरोबर आहे. मला हे कधी सुचलंच नाही."

वामनशेट मागे कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी हात जोडले आणि मनातल्या मनात आइसलंडच्या लोकांचे आभार मानले.

मग जपान. आधी पियानो, एकेक थेंब पडल्यासारखा. मग सगळी वाद्यं एकदम अंगावर आली. या गाण्याचं नाव दिपेशनं वाचून दाखवलं तेव्हा ते तीन ओळींचं निघालं. गाण्यात वाचवलेले सगळे शब्द त्यांनी नावात कोंबले होते.

"फार सुबक आहे," ऋता म्हणाली. "रडायच्या जागा आधीच आखून ठेवल्यात."

"वरमाय रुसली," भागीरथी म्हणाली. "मानपानाव अडलंय. बगा, भांडी आपटतान."

"आमच्याकडं गाडी खाली करताना आसंच व्हतं," पंढरी म्हणाला. "पयली चार पोती गपगुमान, मग सगळी आंगावर."

स्कॉटलंड जरा वेळ कुजबुजला आणि मग त्यानं अशी काही कानाखाली दिली की पंढरीच्या एका माणसाच्या खिशातला कांदा घरंगळत ऋताच्या पायाशी आला. तिनं तो उचलला. दिपेशनं काकाकडे पाहिलं.

"आमची पद्धत हाय," वामनशेट पुढे होऊन म्हणाले. "आवडलं की कांदा टाकायचा."

ऋतानं तो जपून पर्समध्ये ठेवला.

पोलंड लागला, जाडजूड आणि काळाकुट्ट. अब्दुर्रहमानभाई उठून उभेच राहिले. "हा समुद्र खोटा आहे," ते म्हणाले. "मी पोलंडला उतरलोय. तिथला समुद्र असा बोलत नाही. हा कुणीतरी खोलीत बसून केलेला आहे."

"एक्झॅक्टली," ऋता म्हणाली. "मी दिपेशला हेच सांगत होते. स्टुडिओत घोटवून घोटवून त्याचा जीव गेलाय. चाचा, तुम्ही ग्रेट आहात."

अब्दुर्रहमानभाईंना आयुष्यात प्रथमच कुणी ग्रेट म्हणत होतं. ते खाली बसले आणि दाढी कुरवाळू लागले.

"मग पहिला नंबर कुणाचा?" ऋतानं सगळ्यांना विचारलं.

"जपानला देऊ नुको," भागीरथी म्हणाली. "त्या घरात पोरगी सुखी नाय राहनार. आइसलंडवाली मान्सं गरीब हान, त्यांना दे."

"पोरगी द्यायची?" ऋता गोंधळली.

"मनापासून ऐकते ती," वामनशेट म्हणाले. "पोरगी देल्यासारका नंबर देते."

"आन रेट?" पंढरीनं हात वर केला. "रेट कळू द्या की आमाला."

"रेटिंग म्हनतो तो. मार्केटमदी रेटच म्हनतात."

असे एकेक चेंडू वामनशेट सीमेपार धाडत होते. जिन्याच्या तोंडाशी त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या. नवऱ्याला इतकं तजेलदार त्यांनी देवमाशानंतर पाहिलं नव्हतं. कार्यक्रम सुखरूप संपला होता. आता नुसता चहा प्यायचा आणि घरी जायचं. पण ऋता चांगल्या घरची मुलगी, ती आभार मानायला उभी राहिली.

"मला तुम्हा सगळ्यांचं कौतुक वाटतं," ती म्हणाली. "ज्या संगीतात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी एक शब्द गात नाही, बोलत नाही, ते तुम्ही दर महिन्याला येऊन इतक्या मनानं ऐकता."

पंढरीच्या माणसांनी खिशातले कांदे चाचपून पाहिले.

"म्हंजे सायेब बोलनार न्हाईत?" पंढरीनं विचारलं.

"कुठले साहेब?"

"एक्सपोर्टचं."

"आनि नवरा-नवरी?" भागीरथी म्हणाली. "मी मगासधरना वाट बगते, नाव कदी घेतान. म्हंजे ही सुरुवात नव्हती? हेच होतं?"

"वामन," अब्दुर्रहमानभाई सावकाश म्हणाले, "या चारांतला एक तरी समुद्र होता का?"

ऋतानं एकेकाकडे पाहिलं. मग दिपेशकडे पाहिलं. दिपेश स्पीकरची वायर गुंडाळत होता. गुंडाळून झालेली सोडवून पुन्हा गुंडाळत होता.

"चाळीस नाहीत," तो वायरीकडे बघत म्हणाला. "मी आहे. शादाब असतो, पण झोपतो. खोटं बोललो. तू राहू दे म्हणशील म्हणून बोललो."

ऋतानं पर्समधला कांदा काढून हातात घेतला. कठड्यापलीकडून एक विमान गेलं, त्याचा आवाज विरेपर्यंत ती कांदा हातात फिरवत राहिली. भागीरथीनं पदर तोंडाला लावला. पंढरीची माणसंसुद्धा पुढे सरकून बसली. कशासाठी आलो होतो हे विसरून आता सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होते.

"वाशीला," ऋता शेवटी म्हणाली, "मी शंभर सांगितले होते ना?"

"हो."

"अ‍ॅटमॉस्फेरिक म्हणणारे दोघं होते, ते दिवाळीनंतर यायचे बंद झाले. आता मी एकटीच असते." तिनं कांदा पर्समध्ये परत ठेवला. "पुढच्या महिन्यात कुठला देश लावायचा?"

"तू सांगशील तो," दिपेश म्हणाला.

"अर्जेंटिना लाव पोरी," अब्दुर्रहमानभाई म्हणाले. "तिथे मी उतरलोय. खोटं असलं तर लगेच सांगीन."

भागीरथीनं तिथल्या तिथे बसल्या जागी धवला धरला, आणि या खेपेला तिला घाई करायला डीजेवाला नव्हता. बाया मागून म्हणू लागल्या. पंढरीच्या माणसांनी खिशातले कांदे काढून ऋताच्या ओटीत घातले. पद्धत म्हणजे पद्धत.

वामनशेटनी हे सगळं पाहिलं. पुतण्याचं जमलं, म्हणजे ते कुणीतरी जमवलेलं असणार, आणि गच्चीवर असा माणूस दुसरा कोण होता? ते बाह्या सरसावून मध्ये आले.

"आता सांगायला हरकत नाय," ते ऋताला म्हणाले. "दोगं येकमेकांना खोटं बोलतान, हे मना पैल्या दिवसापासून ठाव होतं. मीच जमवून आनलं. अगं, हे पोस्ट-रॉक दिपेसला शिकवलं कोनी? मी. लहान असताना मांडीव बसवून ऐकवायचो. या म्युझिकमदला मी जुना मानूस."

"खोटं," सत्यभामाबाई ट्रे खाली ठेवत म्हणाल्या. "गेल्या आठवड्यापरत हे गावभर पेढे वाटत होते, पुतन्या पोस्टात लागला म्हनून."