लाल दोऱ्याचा रफू

एफीआजीच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, असं सगळं बालनोख गाव म्हणतं. म्हणजे आजी म्हणते आणि गाव ऐकतं!

नदी गावात शिरली तेव्हा आजीने भांडीकुंडी सोडली आणि नावेत चढताना फक्त कै. नवऱ्याचा किल्ट, म्हणजे पुरुषांनी नेसायचा चुण्यांचा लोकरी घागरा, उचलला. शनिवारी नातवाचं लग्न! घराण्यातले चार पिढ्यांचे नवरदेव त्याच किल्टमध्ये उभे राहिलेले. चर्चच्या हॉलमध्ये पोचली तर दिवे गेलेले. पण आजी गप्प बसते होय? अंधारातच तिने चूल ताब्यात घेतली, मटणाचं सूप रटरटवलं, गार होऊ नये म्हणून हाताला लागतील त्या लोकरी कपड्यांत हंडा गुंडाळला. उजाडल्यावर बघते तो किल्ट गायब!

"चोर याच हॉलमध्ये आहे," तिने जावेला, पेगीला बजावलं.

तिसऱ्या संध्याकाळी मदतपथकातली पोरं कामावरून परतली. दिवसभर कमरेएवढ्या चिखलात राबलेली. विजारी वाळत घालायच्या आणि किल्ट नेसून सूप प्यायला यायचं, हा त्यांचा रिवाज. त्यातला रुआरी बुकॅनन, ताडासारखा उंच, समोर आला आणि आजीची पळी थबकली.

"काय रे, आडनाव बुकॅनन आणि कमरेला आम्हा मॅकिनेस घराण्याची खास चौकडी?"

"माझी आजी मॅकिनेस होती."

"चोराला आजी असतेच!" एफीआजी पेगीच्या कानात फुसफुसली. "आमच्या म्हाताऱ्याने पाइपच्या ठिणगीने किल्टला भोक पाडलं होतं. मी लाल दोऱ्याने रफू केलाय. तो दिसला की धरलाच!"

"अहो जाऊबाई, पण तो आतल्या बाजूला ना? आणि आत ही मंडळी काही घालत..."

"मला रफू बघायचाय, रुआरी नाही!"

आजीने त्याच्या पायाशी चमचा पाडला. ती वाकायच्या आत त्या गुणी पोराने स्वतःच उचलून दिला. दुसरा पाडला, तोही दिला. एवढा सभ्य? संशय दुणावला!

तेवढ्यात कुणीतरी अकॉर्डियन काढलं, नाच सुरू झाला. रुआरी गरगर फिरला, चुण्या छत्रीसारख्या उघडल्या, आणि आजी बॅटरी घेऊन जमिनीवर आडवी!

अकॉर्डियन कण्हत थांबलं.

"एफीबाई," पाद्रीबाबा म्हणाले, "चौऱ्याहत्तराव्या वर्षी?"

"रफू!" आजी ओरडली. "मी रफू बघतेय!"

"आता याला रफू म्हणायचं का?" मागून कुणीतरी म्हणालं.

रुआरी लालबुंद झाला, पडद्यामागे गेला आणि वरून किल्ट बाहेर फेकला. "घ्या आजी, मनसोक्त बघा!"

आजीने उलटापालटा केला. लाल दोरा सोडा, साधा टाकासुद्धा उसवलेला नव्हता.

आजीने किल्ट पडद्यावरून परत टाकला. "बस बाळा, सूप घे," म्हणत तिने तळाचं काढायला हंडा तिरका केला. वरचं कांबळं सरकलं. आतून चौकडी डोकावली. चौकडीवर, सलगमाच्या फोडीशेजारी, लाल दोरा!

सगळा हॉल आजीकडे बघू लागला. आजीने पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं.

"बघितलंत? मी म्हटलं नव्हतं, किल्ट याच हॉलमध्ये आहे?"

शनिवारी लग्न थाटात लागलं. फक्त नवरदेवाच्या मागे वऱ्हाडापेक्षा कुत्री जास्त होती.