शेंदूर आणि घासलेट

आमच्या धुळे–शिरपूर एस.टी.ची घंटी दोन कारणांनी वाजायची. कुणाला उतरायचं असलं तर, आणि रस्त्याच्या कडेला एखादा जुना दगड आला तर. या दुसऱ्या कारणासाठी दोरी ओढणारे कंडक्टर म्हणजे आबा.

मी तेव्हा सोनगीरच्या शाळेत मास्तर होतो आणि धुळ्याहून रोज जाऊन-येऊन करायचो. ऐंशी-नव्वदच्या दरम्यानचा काळ. आबांचं आडनाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. गाडीतल्या पिकल्या केसांच्या म्हाताऱ्यांचेसुद्धा ते आबाच होते. तिकीट फाडता फाडता एकदम मान खिडकीकडे वळवून ते ओरडायचे, "देखी ल्या, देखी ल्या! मंग म्हणशात, आबांनी सांगितलं नाही!" की डुलक्या घेणारी माणसं दचकून बाहेर बघायची. बाहेर एखादी पडकी पायविहीर असायची, नाहीतर बांधावर कलंडलेला कोरीव दगड.

आबांच्या इतिहासात दोनच काळ होते. 'लई आधी' आणि 'त्याच्याही आधी'. सोनगीरचा किल्ला लई आधीचा. त्याच्या पायथ्याशी गावात तांब्या-पितळेची भांडी ठोकतात, ती ठकठक त्याच्याही आधीची. किल्ल्यावरची विहीर किती खोल आहे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "उतरून वर येऊन कोणी सांगितलं नाही, म्हणजे समजून घ्या."

गाडीचे ड्रायव्हर सलीमभाई. ते वैतागून म्हणायचे, "आबा, गाड़ी एस.टी. की है, म्यूझियम की नहीं." शिरपूरच्या कोर्टात निघालेला एक गृहस्थ तर रडकुंडीला आला होता. "आबा, माझी तारीख आहे हो!" आबा शांत. म्हणाले, "तारीख पुढची मिळते भाऊ, दगड पुढचा मिळत नाही." गंमत म्हणजे त्याला खरोखरच पुढची तारीख मिळाली आणि परतीच्या गाडीत त्याने आबांना पेढा दिला.

पण आबांचा खरा जीव होता सोनगीरच्या अलीकडच्या एका मैलाच्या दगडावर. रस्त्यालगत कडुनिंबाखाली तो उभा होता. अंगावर पुसटसा इंग्रजी आकडा, तरी आबांच्या हिशेबाने तो त्याच्याही आधीचा. आणि या दगडाला लोकांनी शेंदूर फासून म्हसोबा करून टाकलं होतं. आबांचं माथं तिथे फिरायचं. आठवड्याच्या सुट्टीला ते घासलेटची बाटली नि चिंध्या घेऊन धुळ्याहून सायकल मारत यायचे आणि दगड घासून आकडा मोकळा करायचे. पुढच्या सुट्टीपर्यंत तो पुन्हा लालभडक.

शेंदूर लावणाऱ्या पक्षाची पुढारी होती कडुनिंबाखाली पेरू-बोरं विकणारी अक्का. पांढऱ्या केसांची, एकटी, आणि तोंडाने भारी फटकळ. माझी शाळा सुटल्यावर मी कधी कधी चालत तिथवर जायचो, तेव्हा ही लढाई ऐन रंगात असायची.

"देवले घासलेट लावतस? हात झडतीन तुमना!"

"अक्का, हाऊ देव नही शे. हाऊ दगड शे."

"बठ्ठा देव, एकूणएक, पहिले दगडच ऱ्हातस, भाऊ!"

मग आबा घाम पुसत खाली बसायचे, अक्का रागारागाने एक पेरू चिरून मीठ लावून त्यांच्यापुढे आपटायची, आणि भांडण पेरू संपेपर्यंत चालायचं.

अशी वर्षं गेली आणि रस्ता रुंद करायचं काम निघालं. एके सकाळी आमची गाडी कडुनिंबापाशी अडली. पुढे रोलर आडवा, मजूर पहारी घेऊन उभे, आणि अक्का दगडाला पाठ लावून बसलेली. मी आबांच्या मागोमाग खाली उतरलो. मुकादम भला माणूस होता, पण पुरता कातावला होता. "देव असेल तर हात लावणार नाही, साहेबांना सांगून रस्ता तिकडून काढू. झाडही राहील. पण मैलाचा दगड असेल तर फोडून खडीत टाकायचा. ही म्हातारी म्हणते देव आहे. गावातली पोरं म्हणतात, दगड आहे, आबांनी सांगितलंय." मग त्याचं लक्ष आबांच्या खाकी कपड्यांकडे गेलं. "आबा तुम्हीच ना? एकदाचं सांगा, देव की दगड?"

सगळी गाडी खिडक्यांतून बाहेर डोकावत होती. सलीमभाईंनी इंजिन बंद केलं. अक्काला आबांचं उत्तर पाठ होतं, म्हणून तिने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. मला आबांची फार दया आली. आयुष्यभर ज्या दगडाला दगड म्हणवून घेण्यासाठी भांडले, तो आता दगड ठरला की फुटणार होता.

आबांनी तिकिटाची पेटी माझ्या हातात दिली. अक्काच्या टोपलीशेजारची शेंदराची वाटी उचलली, त्यात चार बोटं बुडवली आणि त्या इंग्रजी आकड्यावर जाडजूड लेप चढवला. चपला काढल्या. हात जोडले.

"देव शे," म्हणाले.

रस्ता पलीकडून गेला. पुढच्या सुट्टीला आबा येणार नाहीत, असं मी धरून चाललो होतो. आता घासायचं काय उरलं होतं? तरी मी गेलो, तर सायकल कडुनिंबाला टेकलेली आणि आबा पेरू खात बसलेले. शेंदूर किती पातळ असावा यावर अक्का त्यांना फैलावर घेत होती. ती गिऱ्हाईक बघायला उठली तसा मी हळूच म्हणालो, "आबा, एवढी वर्षं सांभाळलेला तुमचा आकडा गेला की हो."

"जाऊ दे. दगड बठ्ठा रस्तावर शेतस." त्यांनी अक्का ऐकत नाही ना, ते पाहून घेतलं. "बायको गई, पोरगा सुरतले शे. सुट्टीना दिन घर माले खावाले उठस, मास्तर. अठे अक्का शिव्या तरी देस."